पिशवीत साखर उरते, तरी पेशी थकते

सॅगएम या साठवणीच्या द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशींची पिशवी बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे मुदत संपताना तपासली, तर भोवतालच्या पाण्यात ग्लुकोज अजून बऱ्यापैकी शिल्लक सापडतं. म्हणजे पेशी उपाशी नसतात. तरीही त्यांच्यातलं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, निम्म्याच्या आसपास आलेलं असतं, आकार बिघडलेला असतो, आणि रुग्णाला चढवल्यावर चोवीस तासांच्या आत दर पाच-सहा पेशींमागे एक रक्तातून नाहीशी होते. समोर ताट वाढलेलं असताना पेशी का थकते, हे कळलं की रक्तपेढीतले निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप पटतात.

तांबड्या पेशीला केंद्रक नाही आणि ऑक्सिजन जाळून ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियाही नाहीत. आयुष्यभर ऑक्सिजन वाहते, पण स्वतः तो जाळत नाही. तिचा सगळा चरितार्थ ग्लायकोलिसिसवर: ग्लुकोजचा एक रेणू फोडायचा, निव्वळ २ एटीपी मिळवायचे, २ लॅक्टेट आणि त्यासोबतचं आम्ल बाहेर टाकायचं. शरीरात हे लॅक्टेट यकृत उचलतं, आम्ल फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. पिशवीत यातलं काहीच नाही. चुलीपाशी लाकडांची थप्पी आहे, पण घराला धुराडं नाही, अशी ती अवस्था आहे. लाकडं संपायच्या आधीच धूर कोंडतो.

हा धूर म्हणजे आम्ल. साठवणीच्या सुरुवातीला पिशवीतला पीएच ७ च्या आसपास असतो, मुदत संपताना तो ६.५ च्या जवळ येतो. ग्लायकोलिसिसची चावी ज्या एन्झाइमच्या हातात आहे, त्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला आम्ल सोसत नाही. पीएच उतरला की ते मंदावतं आणि साखर असूनही फुटायची थांबते. पेशी स्वतःच्याच कचऱ्यामुळे अडते.

थंडीचा उपयोग इथे आहे. ३७ अंशांच्या तुलनेत ४ अंशांना ग्लायकोलिसिसचा वेग सुमारे चाळिसाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून २ ते ६ अंशांची मर्यादा. त्याच्या फार खाली, गोठण्यापर्यंत गेलं की बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, वर गेलं की पेशी जास्त जाळते आणि एखादा जंतू आत असलाच तर तोही वाढू लागतो. पण थंडी सगळ्या कामांना सारख्या प्रमाणात मंदावत नाही. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा पंप तर जवळजवळ झोपतोच. गळती मात्र चालू राहते. पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ या असमतोलात आहे.

आता द्रावणांबद्दल. भारतात ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली आणि ४५० मिलीच्या पिशवीत ६३ मिली सीपीडीए-१ हे रक्त गोठू न देणारं द्रावण आधीच भरलेलं असतं, म्हणजे १०० मिली रक्तामागे १४ मिली. या द्रावणाच्या एका लिटरमध्ये ट्रायसोडियम सायट्रेट २६.३ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड ३.२७ ग्रॅम, डेक्स्ट्रोज ३१.९ ग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.२२ ग्रॅम आणि ॲडेनीन ०.२७५ ग्रॅम. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. डेक्स्ट्रोज हे अन्न. सायट्रिक ॲसिड कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. साखरेचं द्रावण आम्लात नसेल तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, ते करपून तांबूस होतं. लाउटिट आणि मॉलिसन यांनी १९४३ मध्ये सायट्रेट आम्लयुक्त केलं, तेव्हा सायट्रेट आणि साखर एकाच बाटलीत निर्जंतुक करता येऊ लागली. ही सोय मोठी, पण आम्लाचा पहिला घोट तिथेच पेशीच्या वाट्याला आला.

ॲडेनीनचं काम अधिक सूक्ष्म आहे. एटीपीचा सांगाडा ॲडेनीनचा असतो. पेशी तो शून्यातून बनवू शकत नाही, आणि साठवणीत तो हळूहळू गळून जातो: एटीपी खर्च होऊन उरलेल्या एएमपीतला अमिनो गट निघून आयएमपी होतं, त्यातून शेवटी हायपोझँथीन. तांबड्या पेशीत झँथीन ऑक्सिडेज नसल्यामुळे हे हायपोझँथीन पिशवीत साचत राहतं, आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर त्याचं यूरिक ॲसिड होताना पेरॉक्साइड तयार होतं. बाहेरून ॲडेनीन दिलं की पेशी नवा सांगाडा उभा करते. या चिमूटभर ॲडेनीनमुळेच, ते नसलेल्या आधीच्या सीपीडी द्रावणाची २१ दिवसांची मुदत सीपीडीए-१ मध्ये ३५ दिवसांवर गेली.

सॅगएम म्हणजे सलाइन, ॲडेनीन, ग्लुकोज, मॅनिटॉल. स्वीडनमधल्या ह्यॉगमन आणि सहकाऱ्यांनी आधी मॅनिटॉलविना सॅग काढलं आणि पेशी फुटण्याचं प्रमाण घटवायला नंतर त्यात मॅनिटॉल घातलं. प्लाझ्मा काढून घेतल्यावर ४५० मिलीच्या पिशवीत हे १०० मिली मिसळतात. त्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम ग्लुकोज आणि १७ मिलिग्रॅम ॲडेनीन असतं, आणि मुदत ४२ दिवस. सीपीडीए-१ मधल्या रक्तातून प्लाझ्मा काढून पॅक्ड सेल करताना मात्र जपावं लागतं. तिथे पेशींचं अन्न प्लाझ्मातच आहे. जास्त प्लाझ्मा मिळवायच्या हौसेने पिशवी पिळून हिमॅटोक्रिट, म्हणजे पेशींनी व्यापलेला टक्का, ८० च्या वर नेलं, तर ३५ दिवस पुरेल एवढी साखर उरत नाही. त्या पिशवीतल्या पेशी मात्र खरोखरच उपाशी मरतात.

रक्त कमी भरलं तरी नुकसान होतं. ३५० च्या पिशवीत २५० मिलीवर नस बंद पडली, तरी ४९ मिली द्रावण तेवढंच राहतं. सायट्रेट आणि आम्लाचं प्रमाण वाढतं आणि पेशी पहिल्या दिवसापासून खालच्या पायरीवर सुरुवात करतात. म्हणून ३१५ ते ३८५ मिली ही मर्यादा पाळायची. वजनाने मोजताना १ मिली रक्त १.०५ ग्रॅम धरायचं, म्हणजे ३५० मिलीचे साधारण ३६८ ग्रॅम, शिवाय रिकामी पिशवी आणि द्रावणाचं वजन वेगळं.

डीपीजीचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन ऊतींपाशी सोडावा यासाठी २,३-डीपीजी हा रेणू लागतो. ग्लायकोलिसिसच्या मुख्य रस्त्याला फुटलेल्या आडवाटेवर, रॅपोपोर्ट-ल्यूबरिंग वाटेवर, तो तयार होतो. जे एन्झाइम तो बनवतं तेच तो मोडतंही, आणि आम्ल वाढलं की पारडं मोडण्याकडे झुकतं. परिणामी दोन आठवड्यांत डीपीजी जवळजवळ संपतं. हिमोग्लोबिन निम्मं भरलेलं राहण्यासाठी ताज्या रक्ताला २६-२७ मिलिमीटर पाऱ्याचा दाब लागतो. साठवलेल्या रक्तात हा आकडा २० च्या आसपास उतरतो. पेशी ऑक्सिजन घेते, पण सोडताना हात आखडते. साठवलेल्या रक्ताची ही ओढ ग्लासगोच्या वॉल्टिस आणि केनेडी यांनी १९५४ मध्ये दाखवली होती. तिच्यामागे डीपीजी आहे हे १९६७ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दिलासा असा की हे नुकसान भरून येतं. रुग्णाच्या शरीरात गेल्यावर पहिल्या सहा-सात तासांत डीपीजी निम्म्यापर्यंत येतं, पूर्ववत व्हायला दोन-तीन दिवस लागतात. हातापायाने धडधाकट पण हिमोग्लोबिन ६ वर आलेल्या माणसाला हे सहा तास जड जात नाहीत. नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं असेल, तर त्या बाळाकडे स्वतःचं असं फारसं रक्त उरतच नाही. अशा एक्स्चेंजला पाच दिवसांच्या आतली पिशवी मागतात ती म्हणूनच.

आणखी एक जागा दुर्लक्षित राहते. प्लेटलेट काढायच्या असतील तर संकलित रक्त २० ते २४ अंशांना ठेवून सहा-आठ तासांत वेगळं करायचं असतं. या तासांत पेशी थंडीतल्यापेक्षा कितीतरी वेगाने जळतात. रक्त रात्रभर २२ अंशांवर राहिलं, तर डीपीजीचा मोठा हिस्सा सकाळपर्यंत गेलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात मंडपाखाली ४२-४३ अंश असताना पिशव्या टेबलाखालच्या खोक्यात तशाच पडून राहिल्या, तर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. कूलिंग ट्रे किंवा २०-२४ अंश राखणारा डबा नसेल तर त्या शिबिरातून प्लेटलेट काढण्याचा हट्ट सोडावा, रक्त लगेच थंड पेटीत घालावं आणि प्रवासात ते १० अंशांच्या वर जाऊ देऊ नये.

पोटॅशियमची धास्ती लोकांना वाटते, पण हिशोब कोणी मांडत नाही. पंप झोपलेला असल्याने पोटॅशियम पेशीतून दिवसाला साधारण १ मिलिमोल प्रति लिटर या गतीने बाहेर येतं, आणि बेचाळिसाव्या दिवशी सॅगएमच्या वरच्या पाण्यात ते ४५-५० असतं. आकडा भयंकर दिसतो. पण ते पाणी पिशवीत जेमतेम ११०-१२० मिली, म्हणजे एकूण पोटॅशियम ५-६ मिलिमोल. मोठ्या माणसाला दोन-तीन तासांत चढवलं तर तो त्याचा विचारही करत नाही. एक किलोच्या बाळाला १५ मिली पेशी दिल्या, त्यात ६ मिली पाणी धरलं, तर ०.३ मिलिमोल, तेही तीन-चार तासांत. चालतं. धोका असतो तो वेगात: हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या नळीतून (सेंट्रल लाइन) भराभर रक्त, बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेत हार्ट-लंग यंत्र रक्ताने भरणं, रक्तस्रावात एकामागून एक पिशव्या. आणि विकिरण केलेल्या पिशव्यांत. गॅमा किंवा एक्स किरणांनी दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी निकामी होतात, पण पेशीच्या आवरणालाही मार बसतो आणि गळती वाढते. विकिरणानंतर २८ दिवस किंवा मूळ मुदत, यांत जे आधी येईल ते शेवट. बाळासाठी असेल तर विकिरण ऐन वेळी करून लगेच वापरावं, आठवडाभर आधी करून ठेवू नये.

डीपीजी परत येतं, पोटॅशियमही एक-दोन दिवसांत पेशी परत ओढून घेते. जे परत येत नाही ते गंजामुळे, म्हणजे ऑक्सिडेशनमुळे होणारं नुकसान. मुदतीच्या चर्चेत खरं वजन याला द्यायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

पेशीच्या पोटात लोह आणि ऑक्सिजन शेजारीशेजारी आहेत. थोडं थोडं हिमोग्लोबिन आपसूक ऑक्सिडाइझ होऊन मेटहिमोग्लोबिन बनतं आणि प्रत्येक वेळी एक सुपरऑक्साइड सुटतो. थंडीत द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो, आणि गंज काढणारी ग्लुटाथायोनची यंत्रणा मात्र गारठलेली असते. त्या यंत्रणेला एनएडीपीएच लागतं, ते पेन्टोज फॉस्फेट वाटेतून मिळतं. इथे पेशी एक विलक्षण गोष्ट करते. ग्लायकोलिसिसमधलं जीएपीडीएच हे एन्झाइम ऑक्सिडाइझ होऊन थबकतं, त्यामुळे साखर मुख्य रस्त्यावर अडते आणि पेन्टोजच्या वाटेला वळते. थोडं एटीपी सोडून पेशी गंजरोधक कमावते. काही आठवडे हा सौदा चालतो. मग बिघडलेलं हिमोग्लोबिन आवरणाच्या आतल्या बाजूला चिकटतं, आवरणातली बँड-३ प्रथिनं गोळा होतात, त्याला आतून आधार देणारं स्पेक्ट्रिनचं जाळं ढिलं पडतं आणि आवरणाचे बारीक फुगे सुटू लागतात.

स्लाइडवर हे स्वच्छ दिसतं. पहिल्या आठवड्यात बहुतेक पेशी मधे दबलेल्या चकत्या. मग कडेला बोथट काटे येतात. हे काटे ताज्या प्लाझ्मात मिसळल्यावर बऱ्याचदा जातात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात काटेरी गोळे दिसतात, आणि ते परत चकती होत नाहीत, कारण फुग्यांबरोबर आवरणच गेलेलं असतं. सात-आठ मायक्रॉनच्या पेशीला प्लीहेतल्या सुमारे एका मायक्रॉनच्या फटीतून अंग चोरून जावं लागतं. गोळ्याला ते जमत नाही. तिथले मॅक्रोफेज तिला गिळतात आणि तिचं लोह थोड्या तासांत रक्तात येतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं आणि लोहाचा साठा हाच त्यांचा शत्रू. दोन आठवड्यांच्या आतली सॅगएम पिशवी त्यांच्यासाठी बाजूला काढणं हा लाड नव्हे. पेशी जास्त दिवस टिकली तर पुढची फेरी लांबते.

रक्तदात्याचा फरकही इथेच पडतो. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, हिमोग्लोबिन चांगलं, रक्तदानाला पात्र. पण पेन्टोज वाटेचं पहिलंच फाटक त्याच्या पेशीत अर्धं बंद असतं. अशा पेशी साठवणीत कमी टिकतात, आणि चढवल्यावर रुग्णाला प्रायमाक्विनसारखं मलेरियाचं औषध चालू असेल तर आणखी. महाराष्ट्रात ही कमतरता काही आदिवासी समाजांत आणि पारशी समाजात तुलनेने जास्त आढळते, पण रक्तदात्यांची ही तपासणी नेहमीच्या यादीत नाही. लेबलवरची ४२ दिवसांची तारीख ही सरासरीची तारीख आहे. चोवीस तासांनी सरासरी ७५ टक्के पेशी टिकल्या पाहिजेत, या कसोटीवर ती ठरते, आणि एकेका दात्याच्या पेशी या सरासरीच्या बऱ्याच वर-खाली असतात. एकाच दात्याचं रक्त पुन्हा पुन्हा साठवलं तरी त्याचा आकडा फारसा हलत नाही.

प्लॅस्टिकचीही यात गंमत आहे. पीव्हीसी मऊ करायला वापरलेलं डीईएचपी पिशवीतून रक्तात झिरपतं. ते आरोग्याला चांगलं नाही म्हणून काढायचे प्रयत्न चालू आहेत, पण तेच पेशीच्या आवरणात शिरून तिला फुटण्यापासून वाचवतं. ते काढलं की फुटणाऱ्या पेशी वाढतात आणि द्रावण बदलावं लागतं.

किती पेशी फुटल्या हे मोजताना एक चूक वारंवार होते. युरोपात मर्यादा ०.८ टक्के, अमेरिकेत १ टक्का. सूत्र असं: १०० मधून हिमॅटोक्रिट वजा करा, त्याला वरच्या पाण्यातल्या हिमोग्लोबिनने गुणा, एकूण हिमोग्लोबिनने भागा. हिमॅटोक्रिट ६०, पाण्यात ०.२ ग्रॅम, एकूण २० ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ४० गुणिले ०.२ भागिले २०, म्हणजे ०.४ टक्के. हिमॅटोक्रिट विसरून नुसता भागाकार केला तर उत्तर १ टक्का येतं आणि चांगली पिशवी फेकली जाते. नुसत्या डोळ्यांवर विसंबलं तरी असंच होतं, कारण थोडंसं हिमोग्लोबिनही पाणी गुलाबी करतं. पिशवीच्या नळीचा तुकडा उभा ठेवून वरचा थर पाहावा आणि शंका आली तर मोजावं. पिशवीतलं रक्त जांभळट-काळं दिसलं आणि नळीतलं मात्र नेहमीसारखं, तर मोजत बसू नये. जंतुसंसर्ग समजून ती पिशवी बाजूला काढावी.

मग जुनं रक्त वाईट का? मोठ्या चाचण्यांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. २०१५ ची एबल चाचणी अतिदक्षता विभागातल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवर झाली, २०१६ ची इन्फॉर्म वीस हजारांहून जास्त रुग्णांवर. ताज्या रक्ताने मृत्यू कमी झाले नाहीत. कंपालात तीव्र रक्तक्षय असलेल्या २९० मुलांवर झालेली टोटल चाचणी आपल्याला जास्त जवळची. तिथे १ ते १० दिवसांचं आणि २५ ते ३५ दिवसांचं रक्त समोरासमोर होतं, आणि ऑक्सिजन कमी पडल्याची खूण असलेलं मुलांचं वाढलेलं लॅक्टेट दोन्हींनी सारखंच उतरलं. नातेवाइकांनी ‘डॉक्टर, ताजंच द्या’ म्हटलं की मी हेच सांगतो. फक्त एक लक्षात ठेवायचं: पहिल्या दोन चाचण्यांत ताज्याची तुलना मुख्यतः नेहमीच्या साठ्याशी झाली. अगदी शेवटच्या आठवड्यातल्या पिशव्या त्यांत थोड्याच होत्या.

वॉर्डातल्या सिस्टरांसाठी थोडक्यात. पिशवी बाहेर आल्यावर अर्ध्या तासात लावली नाही तर रक्तपेढी ती परत साठ्यात घेत नाही, कारण तोवर आतलं तापमान १० अंशांकडे सरकलेलं असतं. लावल्यापासून चार तासांत संपवायची. वॉर्डच्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवायची नाही, मागच्या भिंतीला टेकली की गोठते आणि वितळताना फुटते. गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची नाही. सोबत फक्त नॉर्मल सलाइन. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुगून फुटतात आणि रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे सायट्रेट असूनही गुठळ्या होऊ शकतात.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी हे सगळं तारखांमध्ये मांडून पाहावं. १५ ऑगस्टला एका दिवशी तीनशे पिशव्या जमल्या. २० ऑगस्टनंतर त्यांतली एकही बाळाच्या एक्स्चेंजला चालत नाही. २९ ऑगस्टला सगळ्यांचं डीपीजी एकदमच तळाला गेलेलं असतं आणि थॅलेसेमियाची मुलं दुसरीकडे वळतात. सीपीडीए-१ मधल्या पिशव्या १९ सप्टेंबरला बाद, सॅगएमच्या २६ सप्टेंबरला. आणि त्या दिवशी रक्त दिलेले पुरुष ९० दिवस, म्हणजे १३ नोव्हेंबरपर्यंत, पुन्हा देऊ शकत नाहीत, स्त्रिया १२० दिवस. दिवाळीच्या आसपास रक्तपेढीचा फोन येतो तेव्हा मंडळाच्या यादीतलं प्रत्येक नाव याच कारणाने बाद झालेलं असतं. तेच तीनशे दाते दोन आठवड्यांच्या अंतराने शंभर-शंभर करून बोलावले, तर २६ सप्टेंबरपर्यंत पेढीत कायम एक गठ्ठा दोन आठवड्यांच्या आतला राहतो. पहिली तुकडी १५ ऑगस्टला, दुसरी २९ ऑगस्टला, तिसरी १२ सप्टेंबरला.